खडूची रेघ : भित्तिचित्रकार कीथ हॅरिंग आणि मुलांची चित्रकला

शाळेच्या भिंतीवर कोळशाने किंवा खडूने रेघोट्या ओढणारा मुलगा सापडला, की आपण त्यास बहुधा ती भिंत पुसावयास लावतो. भिंत सर्वांची असल्यामुळे त्यात वावगे काही नाही. परंतु भिंत पुसून झाल्यावर, त्या मुलाच्या हातात जी रेघ उतरली होती तिचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि तो प्रश्न शिपायाचा नसून शिक्षकाचा आहे. भिंतीवरील रेघेपासूनच आरंभ करून जगभर नावाजला गेलेला, आणि त्या नावाचा बराचसा उपयोग मुलांबरोबर चित्रे काढण्यासाठी करणारा कीथ हॅरिंग हा अमेरिकन चित्रकार आपल्या प्राथमिक शिक्षकांस परिचित असावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. हॅरिंग यांच्यापाशी शिक्षकाची पदवी नव्हती, आणि कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर शिक्षक म्हणून त्यांची नोंद नव्हती. तरीही चित्रकलेचा तास घेणाऱ्यास त्यांच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांचे पहिले साधन तर आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर पडलेले असते. ते म्हणजे पांढरा खडू.

हॅरिंग यांचे नाव ज्या कलाप्रकाराशी जोडले जाते त्यास ग्राफिटी असे म्हणतात. हा शब्द मूळ इटालियन असून ओरखडा हा त्याचा धात्वर्थ होय. न्यूयॉर्क शहरात १९७० च्या सुमारास गरीब वस्त्यांतील मुले आपले टोपणनाव व आपल्या गल्लीचा क्रमांक भिंतींवर, खांबांवर आणि भुयारी रेल्वेच्या डब्यांवर लिहू लागली. ‘टाकी १८३’ असे नाव जागोजागी लिहिणाऱ्या एका तरुणाविषयी तेथील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने १९७१ साली वार्ता दिली, तेव्हा हा प्रकार शहराबाहेरच्या लोकांसही ठाऊक झाला. पुढे फवाऱ्याच्या रंगांनी संपूर्ण डबेच्या डबे रंगविले जाऊ लागले. शहराच्या कारभाऱ्यांनी त्यास विद्रुपीकरण म्हटले व ते पुसून काढण्यावर पुष्कळ पैसा खर्च केला. दोन्ही पक्षांना आपापली बाजू होती. ज्यांचे नाव कोठेच लागत नाही अशा मुलांना आपले नाव मोठ्या अक्षरांत पाहावेसे वाटले, यात नवल नाही. आणि सार्वजनिक गाडी घाण झालेली पाहून उतारूस राग आला, यातही नवल नाही.

हॅरिंग हे त्या वस्त्यांतून आलेले नव्हते. त्यांचा जन्म ४ मे १९५८ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग येथे झाला, व बालपण जवळच्या कुट्झटाऊन या लहानशा गावी गेले. तीन धाकट्या बहिणींचे ते थोरले भाऊ. वडील व्यवसायाने अभियंता होते व फावल्या वेळी हौसेने व्यंगचित्रे काढीत. मुलास समोर बसवून एकाच रेघेत आकृती कशी उभी करावी हे त्यांनी दाखविले. डिस्नेची चलच्चित्रे व डॉ. स्यूस यांची बालपुस्तके ही या मुलाची दुसरी पाठशाळा. शाळा संपल्यावर १९७६ साली त्यांनी पिट्सबर्ग येथील व्यावसायिक चित्रकलेच्या विद्यालयात नाव घातले. परंतु जाहिरातींची चित्रे काढण्यात मन रमेना म्हणून ते लवकरच सोडले. त्या सुमारास रॉबर्ट हेन्री या कलाशिक्षकाचे १९२३ साली प्रसिद्ध झालेले ‘द आर्ट स्पिरिट’ हे पुस्तक त्यांच्या वाचनात आले व त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९७८ साली ते न्यूयॉर्कमधील ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स’ या कलाशाळेत दाखल झाले. रस्त्यावरची बेधडक रेघ त्यांनी तेथे पाहिली आणि तिच्यावर ते लुब्ध झाले.

आता खडूची हकीकत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जाहिरातींसाठी चौकटी असत. एखाद्या जाहिरातीची मुदत संपली, की नवी जाहिरात येईपर्यंत त्या चौकटीवर मऊ, चकाकी नसलेला काळा कागद डकविण्यात येई. १९८० साली अशी एक रिकामी काळी चौकट हॅरिंग यांच्या दृष्टीस पडली. आपण शिक्षकांनी तीत तत्काळ फळा ओळखला असता. त्यांनीही तेच ओळखले. ते वर रस्त्यावर गेले, दुकानातून पांढऱ्या खडूची पेटी आणली आणि चित्र काढले. तेथून १९८५ पर्यंत हा क्रम चालू होता. एखाद्या दिवशी चाळीसपर्यंत चित्रे ते काढीत, आणि अशी चित्रे एकंदर किती झाली याची मोजदाद करणे कठीण आहे. पोलिसांनी त्यांस अनेकदा पकडले व दंडही झाला, कारण कागद रिकामा असला तरी तो त्यांचा नव्हता.

या चित्रांतील आकृती अगदी साध्या असत. रांगणारे एक मूल, त्याच्या अंगाभोवती किरणांच्या रेघा, भुंकणारा चौकोनी तोंडाचा कुत्रा, हात वर करून नाचणारी माणसे, उडत्या तबकड्या. किरण फाकणारे ते मूल पुढे त्यांची जणू सहीच झाली. आपल्या देव्हाऱ्यातील रांगत्या बाळकृष्णाची आठवण व्हावी अशी ती आकृती आहे, अर्थात तिचा याच्याशी संबंध काही नाही. या माणसांना नाक, डोळे, केस, पोशाख यांतले काहीच नाही. त्यामुळे ती स्त्री की पुरुष, गोरी की काळी, श्रीमंत की गरीब, हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही, आणि ज्यास पाहिजे त्याने त्या जागी स्वतःस कल्पावे.

खडूने चित्र काढण्याचे काही नियम परिस्थितीनेच घालून दिले होते. गाडी येण्यापूर्वी व पोलीस येण्यापूर्वी चित्र पुरे व्हावयास हवे. काळ्या कागदावर खडूची रेघ पुसू गेल्यास पांढरट डाग उरतो, तेव्हा खोडण्याची सोय नाही. आधी पेन्सिलीने आखणी नाही. भोवती माणसे उभी आहेत, ती विचारीत आहेत, हसत आहेत. अशा स्थितीत काढलेली रेघ ही एकतर निश्चयाची असते, नाहीतर ती चित्रच बिघडविते. हॅरिंग यांच्या रेघेची जाडी प्रायः सारखी, आणि ती न थांबता वळण घेत जाते. हे कसब सवयीने आलेले होते. रोज, सर्वांसमक्ष, चुकीची भीती न बाळगता काढल्याने आलेले होते. आणि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खडू हाताच्या एका फटकाऱ्याने पुसला जातो. तरीही हजारो उतारू ज्या ठिकाणी धक्काबुक्की करीत जातात त्या ठिकाणी ही चित्रे पुष्कळदा नव्या जाहिरातीचा कागद येईपर्यंत शाबूत राहत. पुढे त्यांचे नाव झाल्यावर मात्र लोक ते कागद विकण्यासाठी फाडून नेऊ लागले, आणि तेव्हा त्यांनी हे काम आवरते घेतले.

त्यांच्या कीर्तीचा विस्तार येथे करीत नाही. १९८२ पासून मोठमोठ्या कलादालनांत त्यांची चित्रे लागली व भारी किंमतीस विकली गेली. कला सर्वांसाठी आहे हा त्यांचा आग्रह असल्याने १९८६ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे दुकान उघडून आपल्या आकृती छापलेले सदरे व बिल्ले माफक दरात विकले. याबद्दल कलाजगतातील काही मंडळींनी नाके मुरडली. त्याच वर्षी, ‘क्रॅक’ नावाच्या मादक द्रव्याने शहरातील तरुण नासत असलेले पाहून, त्यांनी एका क्रीडांगणाच्या भिंतीवर त्याविरुद्ध मोठे चित्र काढले. परवानगी नसल्यामुळे त्यांच्यावर खटला झाला. पुढे ते चित्र त्यांनी परवानगीने पुन्हा काढले, आणि आज शहर त्याची जपणूक करीत आहे. जी गोष्ट एका साली गुन्हा, ती काही वर्षांनी ठेवा होते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. न्यूयॉर्क, लंडन, ॲमस्टरडॅम, टोकियो, बॉर्दो अशा शहरांतील शाळांत व संग्रहालयांत हॅरिंग यांनी मुलांचे चित्रकलावर्ग घेतले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या कॉलिंगवुड येथे १९८४ साली त्यांनी एका तंत्रशाळेची बाहेरील भिंत रंगविली. सुरवंटासारखा एक प्राणी, त्याच्या डोक्याच्या जागी संगणक, आणि त्याच्यावर माणसे, असे ते चित्र आहे. शाळा पुढे बंद झाली, परंतु चित्र राहिले, व २०१३ साली त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती करण्यात आली. १९८७ साली पॅरिसमधील नेकेर या मुलांच्या रुग्णालयाच्या बाहेरील उंच जिन्याच्या मनोऱ्यावर त्यांनी चित्र काढले. आजारी लेकरांना खिडकीतून काहीतरी आनंदाचे दिसावे एवढाच त्याचा हेतू होता. एका मित्राच्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी त्यांनी एक पुस्तक स्वहस्ते केले. त्यात मुलीने सापडलेल्या लहानसहान वस्तू जमवाव्यात व पाने स्वतः भरावीत, अशी योजना होती. भेट द्यावयाची ती पुरी करून न देता, देणाऱ्याने अर्धी करून द्यावी, ही कल्पना शिक्षकाने मनात घोळवावी अशी आहे.

ही अर्धी सोडण्याची रीत त्यांच्या सामुदायिक कामांत ठळकपणे दिसते. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यास १९८६ साली शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने हॅरिंग यांनी सुमारे ९०० मुलांसह एक प्रचंड पडदा रंगविला. देवतेची बाह्यरेषा त्यांची, आणि आतील जागा मुलांच्या चित्रांची व शब्दांची. याहून मोठा प्रयोग शिकागो येथे मे १९८९ मध्ये झाला. त्यामागे एका शाळाशिक्षकाची दीर्घ खटपट होती. त्या शिक्षकानेच हॅरिंग यांना आपल्या शहरी आणले. ग्रँट पार्क या उद्यानात सुमारे ४८० फूट लांबीची फळ्यांची भिंत उभी करण्यात आली. प्रथम हॅरिंग यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळ्या रंगाने नाचणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या माणसांच्या बाह्यरेषा काढल्या. त्यानंतर शहराच्या निरनिराळ्या भागांतील सार्वजनिक शाळांची सुमारे ५०० मुले आली आणि त्यांनी आतल्या जागा रंगांनी भरल्या. एका भागातील मुले दुसऱ्या भागात सहसा पाऊल टाकीत नाहीत अशा त्या शहरात, ती येथे खांद्यास खांदा लावून एकाच भिंतीपुढे उभी राहिली. महापौरांनी तो सप्ताह हॅरिंग यांच्या नावाने साजरा करण्याचे जाहीर केले. त्या भिंतीच्या फळ्या पुढे शहरात ठिकठिकाणी मांडल्या गेल्या, व २०१८ साली त्यांपैकी काही पुन्हा प्रदर्शनात आल्या.

येथे जाणता शिक्षक एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. दुसऱ्याने काढलेल्या आकृतीत रंग भरणे, हेच तर आपण मुलांकडून करवून घेऊ नये असे प्रशिक्षणात सांगितले जाते! छापील आंबा, छापील पोपट, आणि आत हिरवा रंग रेघेबाहेर जाऊ न देता भरावयाचा, असल्या पुस्तकांनी मुलांच्या कल्पनेचे जे नुकसान केले आहे ते कोणीही वर्गतपासणीस गेल्यावर पाहू शकतो. मग हॅरिंग यांनी वेगळे काय केले?

प्रस्तुत लेखकाच्या मते फरक तीन ठिकाणी आहे. छापील पोपटाचा रंग आधीच ठरलेला असतो; या माणसांचा रंग ठरलेला नव्हता, जांभळा माणूस चूक व तांबूस बरोबर असे सांगणारे कोणी नव्हते. छापील पोपट लहान असतो, त्याच्या पोटात दुसरे चित्र मावत नाही. हे माणसांचे देह मुलांहून मोठे होते. तिसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. मुलांनी केलेले काम घरी नेऊन विसरण्यासाठी नव्हते, ते रस्त्याने जाणाऱ्या सर्वांनी पाहावयाचे होते, व ज्याच्या चित्रांस हजारो डॉलर मिळत त्या माणसाने आपली रेघ त्यांच्या हाती सोपविली होती. मुलास असा विश्वास क्वचित मिळतो. तरीही आक्षेप पुरता मिटत नाही. ती भिंत आजही हॅरिंग यांची भिंत म्हणूनच ओळखली जाते. ५०० मुलांची भिंत असे कोणी म्हणत नाही.

या बाबतीत त्याच शहरी, त्याच काळी, आणखी पुढे गेलेला एक शिक्षक होता, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. टिम रॉलिन्स यांचा जन्म १९५५ चा. तेही स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्सचेच विद्यार्थी. न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्रॉन्क्स या अतिशय गरीब भागातील ५२ क्रमांकाच्या माध्यमिक शाळेत ते कलाशिक्षक झाले. त्यांच्या वर्गातील अनेक मुलांना वाचता येण्यात अडचण होती व शाळेने त्यांची आशा जवळपास सोडली होती. रॉलिन्स यांची पद्धत अशी, की एकाने पुस्तक मोठ्याने वाचावयाचे व बाकीच्यांनी ऐकता ऐकता चित्र काढावयाचे. फ्रान्झ काफ्का यांच्या ‘अमेरिका’ या कादंबरीत सोनेरी शिंगे फुंकणाऱ्यांचा प्रसंग आहे. प्रत्येक मुलाने स्वतःचे असे एक सोनेरी शिंग काढावे असे त्यांनी सांगितले, आणि एकासारखे दुसरे नाही अशी शेकडो शिंगे निघाली. पुस्तकाची पाने कॅनव्हासवर चिकटवून त्यांवर ही शिंगे रंगविण्यात आली. ही कामे रॉलिन्स यांच्या व मुलांच्या मंडळाच्या जोड नावाने प्रसिद्ध झाली, आणि त्यांपैकी काही आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहेत. रॉलिन्स २०१७ साली वारले. हॅरिंग यांनी रेघ स्वतःकडे ठेवून रंग मुलांस दिला, रॉलिन्स यांनी रेघही दिली. दोन्ही पद्धतींस जागा आहे. पाचशे मुले व चार दिवस असता पहिली, आणि पंधरा मुले व सबंध वर्ष असता दुसरी. आपल्या द्विशिक्षकी शाळांची पटसंख्या पाहता दुसरी आपणांस अधिक जवळची आहे, हे सहज लक्षात येईल.

हॅरिंग यांना १९८८ साली एड्सचे निदान झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हता, आणि रोग्याकडे लोक तिरस्काराने पाहत. त्यांनी आजार लपविला नाही. १९८९ साली त्यांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्था व मुलांसाठी चालणारे उपक्रम यांस साहाय्य करणे हा त्याचा उद्देश आहे. शिकागोची भिंत आणि इटलीतील पिसा येथील मठाच्या भिंतीवरील ‘तुत्तोमोंदो’ हे भव्य चित्र, ही दोन्ही कामे त्यांनी आपले दिवस भरत आले आहेत हे जाणून १९८९ च्या वसंतात व उन्हाळ्यात केली. १६ फेब्रुवारी १९९० रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला.

आता आपल्या शाळांविषयी. गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांच्या भिंती ‘बोलक्या’ झाल्या आहेत. पाढे, बाराखडी, नकाशे, पशुपक्षी, थोर पुरुष यांनी त्या भरल्या आहेत. त्यासाठी ग्रामस्थांनी लोकवर्गणी दिली आहे, कित्येक ठिकाणी शिक्षकांनी पदरचे पैसे घातले आहेत. याबद्दल कृतज्ञताच वाटते. परंतु या भिंती बोलतात त्या पेंटरच्या आवाजात. एका तालुक्यातून दुसऱ्यात गेले तरी तोच वाघ, तोच मोर, तेच झाड. आणि मुलांच्या वह्या उघडाव्यात तर दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू झोपडी, आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. ज्या गावास डोंगर नाही त्या गावच्या मुलांच्या वहीतही डोंगर असतो. हे चित्र मुलांनी पाहिलेले नसून उतरविलेले आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. वर्गाच्या एका भिंतीवर, जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंतचा पट्टा काळा रंगवून घ्यावा. काही शाळांत तो आधीच आहे, परंतु त्यावर सुविचार व आजची उपस्थिती लिहिण्याचा मोह आवरावा, तो मुलांचाच असू द्यावा. आठवड्यातून एक तास त्या पट्ट्यावर खडूने चित्रे काढावयास सांगावे. विषय गावातला द्यावा : आठवडी बाजार, ऊसतोड, पाण्याचा टँकर, आजीची गोधडी. डस्टर त्या तासापुरता टेबलाच्या खणात ठेवावा. पुसता येत नाही असे ठरले, की चुकलेल्या रेघेतून दुसरेच काही काढण्याची युक्ती मुले आपोआप शोधतात. एखाद्या मुलाची गाय पाच पायांची झाली, तर ती धावत असेल असे समजावे व पुढे जावे. शिक्षकाने स्वतःही मुलांसमोर काढावे, चांगले येत नसल्यास विशेषच काढावे.

बाहेरील भिंतीचे काम करावयाचे असल्यास शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी घ्यावा व मुख्याध्यापकांनी तो कार्यवृत्तात नोंदवावा. शाळेबाहेरील कोणत्याही भिंतीस मालकाच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नये. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रुपीकरणास प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे आणि तो हॅरिंग यांच्या चाहत्यांसही लागू आहे. पेंटरकडे द्यावयाचे काम पेंटरकडे अवश्य द्यावे, नकाशा अचूक हवा. पण एक भिंत, निदान अर्धी भिंत, मुलांसाठी राखून ठेवावी. मोठ्या मुलांनी एकमेकांस भिंतीशी उभे करून गेरूने त्यांच्या देहाची रेघ काढावी, मग ज्याची आकृती त्याने आत स्वतःचे जग भरावे. चुना, गेरू, काव, नीळ व थोडा डिंक एवढ्यावर काम भागते. कडेला प्रत्येक मुलाचे नाव व इयत्ता त्याच्याच अक्षरात यावी. पावसाच्या माऱ्याची बाजू शक्यतो टाळावी, आणि मार्गशीर्षाच्या सुमारास काम हाती घ्यावे, म्हणजे भिंत कोरडी मिळते व वार्षिक संमेलनास येणाऱ्या पालकांस आपल्या मुलाचे नाव शोधता येते.